पुंगळीच्या बुडावरचं नाव

माझा मुलगा कतारमध्ये रायफलची काडतुसं भरतो. गावाकडून फोनवर कोणी विचारलं तर मी "क्लबात मेकॅनिक आहे" एवढंच सांगते. काडतुसं म्हटलं की लोक एकदम गप्प होतात, नाहीतर नको ते विचारतात.

आम्ही अल वक्र्याला राहतो. मुलगा, सून, नात आणि मी. मुलगा आयटीआय करून टर्नर म्हणून इकडे आला. आठ वर्षं इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला. मग दोह्याबाहेरच्या एका खासगी नेमबाजीच्या क्लबाला बंदुका दुरुस्त करणारा माणूस हवा होता, तिथे लागला. मुलाखतीत अनुभव कसला सांगितलास, असं मी विचारलं तर म्हणाला, "आज्याचो." त्याचा आजा म्हणजे माझा बाप. तो तळकोकणात आमच्या गावी बंदुका दुरुस्त करायचा. मुलाने लहानपणी त्याच्या पडवीत बसून जे बघितलं ते इथे कामाला आलं.

क्लबातले बहुतेक लोक विकतची काडतुसं वापरतात. परदेशातून खोकी येतात, आत ओळीने मांडलेली, एकासारखी एक. पण एक कतरी म्हातारा आहे, साधारण माझ्याच वयाचा, त्याला ती चालत नाहीत. तो फार लांबच्या निशाणावर मारतो. त्याचं म्हणणं असं की कारखाना हजार बंदुकांसाठी काडतूस बनवतो, माझ्या बंदुकीसाठी बनवत नाही. हे मला ऐकल्याबरोबर पटलं. तयार ब्लाउज सगळ्यांना होतो, म्हणजे नीट कोणालाच होत नाही. म्हणून त्याने उडवलेल्या पितळेच्या पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, बुडात नवी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायची, आत दारू तोलून घालायची, तोंडात गोळी बसवायची, आणि हे सगळं त्याच्या एका रायफलीच्या मापाने. क्लबात त्यासाठी वेगळी खोली आहे, परवाना आहे, कुलूप आहे. आठवड्यातून दोन सकाळी मुलगा त्या खोलीत बसायचा. त्यासाठी त्याचा हुद्दा वाढला, फॅमिली व्हिसा मिळाला, मग आम्ही सगळी आलो. आमचं इथलं घर त्या म्हाताऱ्याच्या हट्टावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

मला हे काम ठाऊक आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि त्यानंतर बापाने मला पडवीत काडतुसं भरायला बसवलं. मुलग्यांना का नाही बसवलं, तर माझे भाऊ धसमुसळे होते. गावात शेत राखायला परवान्याच्या बंदुका होत्या. डुकरं नाचणीत शिरत. विकतचं काडतूस सावंतवाडीहून आणावं लागे आणि त्याचं जाड कागदाचं अंग पावसाळ्यात फुगून नळीत अडकायचं. मग लोक उडवलेली पुंगळी परत आणून बापाकडे द्यायचे. केप, दारू, पुठ्ठ्याच्या चकत्या, छर्रे, वर आणखी एक चकती आणि तोंडावर, अंगावर मेणबत्तीचं मेण. मेण लावलेलं आमचं काडतूस पावसात फुगत नसे. हे कायद्यात कितपत बसत होतं ते मला माहीत नाही. फौजदाराचं काडतूसही आमच्याकडेच भरलं जायचं.

बापाचे दोन नियम होते. भरायला बसलं की उंबऱ्यावर कोयता आडवा ठेवायचा. तो दिसला की घरातल्या कोणीही भरणाऱ्याला हाक मारायची नाही. बाप म्हणायचा, "घराक आग लागली तरी आधी त्याच्या हातातला खाली ठेवक दी, मगे हाक मार." दुसरा नियम असा की भरलेल्या ढिगातला पहिला बार भरणाऱ्याने स्वतः काढायचा. मी अकरा वर्षांची होते, बंदूक माझ्यापेक्षा जड. तरी बाप मागून दस्ता धरायचा आणि चाप मला ओढायला लावायचा. खांदा निळा पडायचा. आई बापाला शिव्या द्यायची आणि मला हळद लावायची.

आता इथली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले. घरी कोणी नव्हतं. सून एका दवाखान्यात रिसेप्शनला असते, नात शाळेत. दीड तास मी फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून मुलाने एक ठरवून टाकलं. माझा फोन आला की तो उचलणार, कुठेही असला तरी. मला वाटलं, त्याच्या कामात चालत असेल. मी विचारलं नाही. आणि पडल्यावरच फोन करायचा असं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून मी रोजच करू लागले. दहा-साडेदहाला घरातलं आटपलं की करायचा. नाश्ता केलास का, तुझं औषध राहिलं, बाल्कनीत कबुतराने अंडं घातलं. माणूस दिवसभर चार भिंतींत बसलं की असंच होतं. बाहेर उन्हात जायचं कुठे?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शेजारच्या फ्लॅटमधली केरळची बाई सकाळी मासळी बाजारातून आली आणि मला अर्धे बांगडे देऊन गेली. चांगले होते, डोळे काचेसारखे. मी मुलाला फोन लावला.

"बांगडे मिळाले रे झिला. तिखला करू की तळू?"

"तिखला कर."

"तिरफळा गावनत नाय."

"मगे तळ गे आये. ठेवतंय."

"तिरफळा सुनेन खंय ठेवली काय म्हायत? मागल्या वेळेक आणलली ना?"

तिरफळं फ्रीजच्या दारात होती, हे त्याच्या लक्षात होतं. ती सापडेपर्यंत मी त्याला फोनवर धरून ठेवला. शेवटी तिरफळं घालून तिखलंच केलं. तीन-चार मिनिटं बोलणं झालं असेल.

पुढच्या आठवड्यात मुलगा भर दुपारी घरी आला. तो कधी येत नाही. मी डाळ निवडत होते. तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, म्हातारो वाचलो."

मग त्याने सांगितलं. म्हातारा सकाळी निशाणावर मारत होता. दहा-बारा बार ठीक झाले. पुढच्याला मोठा आवाज आलाच नाही, नुसतं टुस्स झालं. आत दारू नव्हती. केप उडाली, तिच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटली आणि नळीत मध्येच अडकून बसली. दुसरा कोणी असता तर काडतूस फुसकं निघालं म्हणून पुढचं सारलं असतं आणि चाप ओढला असता. पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळली असती आणि नळी फुटली असती, तीही रायफल गालाला लावलेली असताना. म्हाताऱ्याने तसं केलं नाही. रायफल खाली ठेवली, हात वर केला आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. आयुष्यभर बंदुका हाताळलेला माणूस आहे.

भरायच्या खोलीला मुदीरने, म्हणजे क्लबाच्या मॅनेजरने, कुलूप लावलं होतं. उरलेली सगळी काडतुसं ताब्यात घेतली होती. मुलाने रविवारपर्यंत लेखी द्यायचं होतं की हे कसं झालं.

"कसा झाला?" मी विचारलं.

तो खुर्चीवर बसला. "म्हायत नाय म्हणान सांगितलंय."

"माका सांग."

 मी डाळ निवडत राहिले. मला बोलायला लावायची घाई नसते. माणूस आपणहून बोलतो.

"लाकडी ठोकळ्यार पन्नास पुंगळ्यो उभ्यो असतत," तो म्हणाला. "एकेकात दारू घालूची, एक ओळ झाली की टॉर्च मारून आत बघूचा, मगे गोळी बसवूची. त्या दिवशी चौथी ओळ चललली. फोन इलो. मी उठलंय. परत येवन बसलंय तेव्हा माका वाटला ओळ पुरी झाली, टॉर्च पण मारलो. पण माका आठावलो तो टॉर्च तिसऱ्या ओळीचो."

"कोणाचो फोन?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "बांगड्यांचो."

डाळीत मला खडा दिसला, तो मी उचलून बाजूला ठेवला.

त्या खोलीत फोन न्यायला बंदी आहे, हे मला तेव्हा कळलं. बाहेर लोखंडी पेटी आहे, सगळ्यांनी फोन त्यात ठेवायचा असतो. माझा मुलगा न्हाणीघराच्या त्या दिवसापासून फोन खिशात ठेवून आत जात होता. कोणाला ठाऊक नव्हतं.

"आता रे?" मी म्हटलं.

तो उठून पाणी प्यायला. मग हळू म्हणाला, "एक वाट आसा. पुंगळ्येच्या बुडार कंपनीचा नाव आसता. म्हातारो कधी कधी खोक्यातली पण मारता, नळी गरम करूक. मी लिवतंय, ती खोक्यातली व्हती, चुकान मिसाळली. कारखान्याची चूक. कोण बघता? कंपनी खंयची खंय."

सून तोवर आली होती. ती पुण्याची आहे, सरळ बोलते. म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. कंपनीचं काय जातंय? आपला व्हिसा, मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं त्यांच्या नोकरीवर आहे. आई, तुम्ही यात पडू नका हां."

तिचं चुकत नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही. पण बुडावरचं नाव ऐकल्याबरोबर मला उठून बाल्कनीत जावं लागलं. कबुतराला हाकललं, पुन्हा आत आले आणि दोघांना बसायला सांगितलं. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती तोवर कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही.

मी भरायला बसले त्याच वर्षी, उंबऱ्यावर कोयता असताना, आईने मला मागच्या परसातून हाक मारली. तिथून तिला कोयता दिसत नव्हता. चटईवर सुकत घातलेल्या बांगड्यांवर कावळे बसले होते. म्हणजे बघा, दोन्ही वेळा बांगडेच. मी उठले, कावळे हाकलले आणि परत येऊन बसले. समोरच्या पुंगळीत दारू घातली. ती आधीच घातलेली होती. त्यावर चकत्या बसवताना एक चकती जास्त व्हायला लागली. मी ती काढून टाकली. तेव्हा मनात आलं होतं की ही का मावत नाही. आलं आणि गेलं. पुढचं घ्यायची घाई होती. पहिला बार मी काढला, पण तो दुसऱ्याच काडतुसाचा.

ते काडतूस वरच्या घरातल्या काकांकडे गेलं. डुकरावर मारताना त्यांच्या बंदुकीची नळी फाटली. डाव्या हाताचा अंगठा गेला, शेजारचं बोट अर्धं गेलं. लोक त्यांना झोळीतून घेऊन गेले. तो हात फडक्यात गुंडाळलेला मी बघितला.

दोन दिवसांनी बाप त्यांच्या घरी गेला. मला बरोबर नेलं. फाटलेली पुंगळी त्याने शोधून आणली होती. काकांच्या खाटेजवळ बसून त्याने तिचं पितळी बूड उजेडाला धरलं आणि म्हणाला, "ह्या बघ, हयसर कंपनीचा नाव. इकतचा व्हता ता. आमच्या हातचा न्हय."

पुंगळ्या सगळ्या कंपनीच्याच असायच्या. आम्ही नुसत्या भरायचो. काकांना हे कळायला हवं होतं, पण अंगठा गेलेल्या माणसाला कोणावर तरी राग धरायला मिळाला की तो तपास करत नाही. बाप मला तिथे का घेऊन गेला ते मी पुष्कळ वर्षं शोधत होते. मला वाटतं, त्याला कळलं होतं. घरी आल्यावर त्याने एक शब्द विचारला नाही. महिनाभर मला भरायला बसवलं नाही, मग पुन्हा बसवलं.

"आणि ते काका?" सुनेने विचारलं.

काकांनी त्यानंतर विकतचं काडतूस कधी घेतलं नाही. वीस वर्षं आमच्याच पडवीत येऊन म्हणायचे, "माका हातचा दी हां, बाय. इकतच्यान माझो अंगठो खाल्लो." मी कागदात बांधून द्यायचे. ते साडेतीन बोटांच्या हाताने पुडकं छातीशी दाबून धरायचे, कारण मुठीत धरता येत नव्हतं. माझं लग्न होईपर्यंत मी ते बघितलं. माहेरपणाला गेले तरी बघितलं. ते मेले तेव्हा मला बरं वाटलं. हे असं बोलू नये, पण वाटलं.

 मुलगा म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वायली गे आये. हयसर कोणाक काय झाला नाय."

"झाला नाय म्हणानच सांगूक सोपा," मी म्हटलं. "आणि तो म्हातारो उद्या तुझ्याकडसूनच भरून घेतलो. इकतचा वाईट, तुझा चांगला, असा म्हणत तुझ्या हातार इस्वास ठेवतलो. तू तेका रोज बघतलस. माका म्हायत आसा ता कसा दिसता."

"नोकरी जातली."

"जातली तर जातली. तुका लेथ येता."

"तुका सोपा वाटता!"

"माका काय सोपा वाटता? माका परत गावाक जावन त्या चुलीत फुकूचा आसा. तुझ्यापेक्षा माझाच जास्त जातला."

हे खरं होतं. इथे मला एसी आहे, गुडघ्याचा डॉक्टर आहे. मला परत जायचं नव्हतं. शनिवारपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. नातीने मराठीत काय चाललंय ते ऐकलं आणि इंग्रजीत आईला विचारलं. तिच्या आईने तिला अभ्यासाला बसवलं. मी दहा-साडेदहाला फोन केला नाही. हात फोनकडे जायचा.

रविवारी मी साडी नेसून दारात उभी राहिले. मुलगा म्हणाला, "तू खंय?" मी म्हटलं, "फोन माझो होतो. तू लिव काय लिवचा ता. मी तोंडान सांगतलंय."  वक्र्यातून निघाल्यापासून क्लब येईपर्यंत त्याने रेडिओही लावला नाही.

मुदीरच्या ऑफिसात तो कतरी म्हाताराही बसला होता. मला वाटलं होतं तो मोठा धिप्पाड असेल. बारीक होता, डोळ्यांवर जाड चष्मा. मला बघून उठून उभा राहिला. मुलाने माझा दंड धरून मला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाला, "तू बस. मी सांगतंय."

आणि त्याने सांगितलं. इंग्रजीत. मला मधले दोन-चार शब्द कळले, फोन, मदर, फिश. लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. मुदीरचा चेहरा लाल झाला. फिश म्हटल्यावर तर त्याने कपाळाला हात लावला. मग बराच वेळ तोच बोलत होता आणि माझा मुलगा मान खाली घालून उभा होता. चाळिशी उलटलेला माणूस असा उभा राहिलेला आईने बघू नये. मी बघितला.

 मग म्हातारा माझ्याकडे वळला. त्याच्या वयाच्या इथल्या लोकांना थोडं हिंदी येतं.

"तुम फोन किया?"

"मैं किया," मी म्हटलं. "मेरे को मालूम नहीं था उधर फोन नहीं चलता. लेकिन मेरे को मालूम होना मंगता था. मैं छोटी थी तो ये काम करती थी. मेरे बाप के घर में भरने वाले को कोई आवाज नहीं देता था."

"तुम? तुम भरता था?"

"चार-पाच साल भरा."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "मछली कौन सा था?"

"बांगडा. छोटा वाला, पीठ पे काला-काला लकीर."

"ताजा था?"

"एकदम ताजा."

मुदीर मध्येच अरबीत काही म्हणाला. म्हाताऱ्याने हाताने त्याला थांबवलं. मला म्हणाला, "फॅक्टरी में किसी का अम्मा फोन नहीं करता."

तो हसला नाही. मीही हसले नाही. बोलणं बरोबर होतं. मी म्हटलं, "हां. इसलिए मेरे को पूछेगा तो मैं बोलेगी, फॅक्टरी का लो. मैं होती तो फॅक्टरी का लेती." मुलाने माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारू नका. पण मला जे वाटत होतं ते मी बोलले. हाताने भरलेलं काडतूस त्या बंदुकीला चांगलं असतं, यात शंका नाही. पण ते भरणाऱ्याच्या त्या दिवसाइतकंच चांगलं असतं. कारखान्याचं कधीच फार चांगलं नसतं आणि फारसं वाईटही नसतं. ज्याला नेम लागण्यापेक्षा डोळे शाबूत राहणं महत्त्वाचं वाटतं त्याने ते घ्यावं.

निघताना मी त्याला बापाचा दुसरा नियमही सांगितला. जो भरेल त्याने पहिला बार स्वतः काढायचा. तो "अच्छा" म्हणाला आणि जपमाळ फिरवत बसला.

खरं सांगितलं म्हणून कोणी शाबासकी दिली नाही. मुलाला वॉर्निंग लेटर मिळालं. नोकरी राहिली, पण भरायची खोली बंद. त्याला स्टोअरमध्ये बसवलं, लोकांना विकतची खोकी काढून द्यायला. हुद्दा तोच, पण हात रिकामे. घरी येऊन तो टीव्हीसमोर बसायचा. सुनेने मला बोलून दाखवलं नाही, हे तिचं मोठेपण. तिने नुसता कुकर दोनदा जोरात आपटला.

म्हातारा सगळा हिवाळा विकतच्या काडतुसांनी मारत राहिला. मुलगा सांगायचा, आज भोकं एवढी पांगली, आज तेवढी. हे सांगताना तो आपली हाताची बोटं फाकवून दाखवायचा, आणि मला दिसायचं की त्याला त्यात थोडं सुख आहे. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "गप रव गे."

मार्चमध्ये म्हातारा खजुराच्या डब्यातून आपल्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन स्टोअरच्या खिडकीशी आला. डबा मुलापुढे सरकवला आणि म्हणाला, आता तू भर. मुदीरशी त्याने आधीच बोलून ठेवलं होतं. अटी होत्या. फक्त त्याच्याच रायफलीची भरायची. फोन बाहेरच्या पेटीत आणि पेटीची चावी मुदीरकडे. प्रत्येक ओळीत टॉर्च मारायचा तो दुसऱ्या माणसाने. आणि शेवटची अट म्हाताऱ्याची स्वतःची होती. ढिगातले पहिले पाच बार मुलाने त्याच्यासमोर त्याच रायफलीने काढायचे, आणि ते पाच कुठले ते म्हातारा निवडणार.

माझ्या बापाचा एक होता, याने पाच केले. माझं ते दोनदा भरलेलं काडतूस पाचांतही निसटलं असतं कदाचित. पण निवडणारा दुसरा असला तर भरणाऱ्याला कुठलंच काडतूस आपल्या वाट्याचं नाही म्हणून सोडता येत नाही. बापाला हे सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल, पण तो कोणाला निवडू देणारा माणूस नव्हता.

पहिल्या दिवशी मुलगा घरी आला तेव्हा त्याचा उजवा खांदा लाल होता. बऱ्याच वर्षांत त्याने इतके बार काढले नव्हते. मी हळद लावू का विचारलं. तो म्हणाला, "आये, हयसर लोक जेल लावतत." जेल लावलं.

आता सोमवार आणि बुधवार, नऊपासून बारापर्यंत, त्याचा फोन बंद असतो. सुनेने मला तिच्या दवाखान्याचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलाय आणि न्हाणीघराच्या दाराजवळ चिकटवलाय. मी तिला सांगितलंय, त्या वेळात मी पडले आणि तूही कामात असलीस, तर मी बारापर्यंत फरशीवर पडून राहीन. आधी दीड तास राहिले होते, तीन तासही राहीन. ती म्हणाली, "आई, असं बोलू नका." पण हे बोलून ठेवणं बरं.

गेल्या बुधवारी केरळची बाई पुन्हा बांगडे देऊन गेली. दहा वाजले होते. तिरफळं फ्रीजच्या दारात नव्हती. मी सगळे डबे उघडून बघितले, नाही मिळाली. मग तळले.